जोखमीचा रकाना

चाकणच्या त्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेले ते २००६ च्या जुलैत. सीए होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मुंबईतल्या एका मोठ्या फर्मच्या ट्रान्स्फर प्रायसिंग विभागात मी लागले होते. हा विभाग नक्की काय करतो, हे तासगावला घरी कुणालाही समजावून सांगता येत नव्हतं. आबांना एवढंच कळलं होतं, की पोरगी कंपन्यांचे कर बघते.

काम असं होतं. एकाच समूहातल्या दोन कंपन्या असतात, एक इथली आणि एक परदेशातली. त्या एकमेकींना माल विकतात, कर्ज देतात, तंत्रज्ञान आणि ब्रँड वापरू देतात. या सगळ्याचा भाव त्या आपसातच ठरवतात. घरातल्या घरात ठरलेला भाव सरकारने का मानायचा? म्हणून २००१ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम ९२ ची मालिका नव्याने आणली. परक्याशी व्यवहार केला असता तर जो भाव ठरला असता, तोच करासाठी धरायचा. त्याला ‘आर्म्स लेंग्थ’ भाव म्हणतात. तसा तो आहे हे दाखवणारा जाडजूड अहवाल दरवर्षी तयार ठेवायचा आणि ‘फॉर्म ३सीईबी’वर सीएची सही घ्यायची. तो अहवाल लिहिणं हे माझं काम.

अहवालाचा गाभा म्हणजे ‘फार’ विश्लेषण. फंक्शन्स, असेट्स, रिस्क्स. काम कोण करतं, मालमत्ता कुणाची, जोखीम कुणाची. त्यातला जोखमीचा तक्ता मला आजही डोळे मिटून काढता येईल. डावीकडे जोखमींची यादी: बाजारपेठेची, साठ्याची, दर्जाची, वसुलीची, विनिमय दराची, संशोधन फसण्याची. उजवीकडे दोन रकाने, भारतीय कंपनी आणि परदेशी कंपनी. समोर बरोबरच्या खुणा करत जायचं. ज्याच्या रकान्यात खुणा जास्त, त्याच्या वाट्याला जास्त नफा, कारण धोका पत्करणाऱ्याला मोबदलाही मोठा मिळायला हवा. ज्याच्या रकान्यात खुणाच नाहीत, तो नुसता सांगकाम्या. त्याला खर्च अधिक चार पैसे दिले की झालं. तक्ता एका पानाचा, पण कोणत्या देशाला किती कर मिळणार हे त्या पानावर ठरायचं.

त्या तक्त्यासाठी मुलाखती घ्यायला मी चाकणला गेले होते. वाहनांचे अॅल्युमिनियमचे सुटे भाग बनवणारा कारखाना. विक्री, खरेदी, वित्त अशा सगळ्या विभागांशी बोलून झाल्यावर शेवटी टूलरूम. तिथले प्रमुख पन्नाशीकडे झुकलेले, पॉलिटेक्निक करून वर आलेले. खुर्ची द्यायची सोडून त्यांनी मला थेट डायपाशी, म्हणजे भाग ओतायच्या साच्यापाशी, नेलं.

“ड्रॉइंग तिकडून येतं,” ते म्हणाले, “पण तसंच्या तसं चालत नाही. हा पीस बघा. आत पोरोसिटी येत होती, बारीक बारीक पोकळ्या. दाब दिला की गळायचा. मग आम्ही गेटची जागा बदलली, रनर रुंद केला. तिसऱ्या ट्रायलला जमला.”

“बदल करायचा हे कोण ठरवतं?” मी माझा यादीतला प्रश्न विचारला.

“ठरवणार कोण? आम्हीच. झाल्यावर तिकडे कळवतो.”

हे मी डायरीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. बदललेलं ड्रॉइंग समूहाच्या सर्व्हरवर चढवलं जायचं आणि त्या क्षणापासून ते युरोपातल्या एका कंपनीच्या मालकीचं व्हायचं. समूहाचे सगळे आराखडे, पेटंटं आणि ब्रँड त्या एका कंपनीकडे एकवटले होते. ती कमी कराच्या देशात होती. चाकणच्या कंपनीने विक्रीवर टक्केवारीने रॉयल्टी द्यायची ती तिला. म्हणजे टूलरूमने रात्र जागून जो बदल केला, तो वापरल्याबद्दल त्याच कारखान्याने पुढे दरवर्षी पैसे भरायचे.

मुंबईत माझ्या साहेबांनी मसुदा वाचला आणि माझ्या डायरीतल्या त्या वाक्यावर बोट ठेवलं. “करारात काय आहे?”

“आराखड्यांची मालकी तिकडची, संशोधनाचे निर्णय तिकडचे, जोखीम तिकडची.”

“मग तेच लिही. आपण करार वाचतो.”

मी तेच लिहिलं. संशोधनाच्या जोखमीची खूण परदेशी कंपनीच्या रकान्यात केली आणि चाकणची कंपनी ‘मर्यादित जोखमीची उत्पादक’ ठरली. मी खोटं असं काही लिहिलं नव्हतं. करारात खरोखरच तसं होतं, कराराची प्रत जोडलेली होती आणि आम्ही निवडलेल्या तुलनेच्या कंपन्यांच्या नफ्याशी आकडे जुळत होते. करचुकवेगिरी म्हणजे उत्पन्न लपवणं, खोटी बिलं फाडणं. इथे लपवलेलं काहीच नव्हतं. सगळं छापून, शिवून, सही-शिक्क्यानिशी ठेवलेलं होतं. या प्रकाराला करटाळणी म्हणतात. ती पकडायला अवघड जाते ती यामुळेच, की तिचा प्रत्येक कागद खरा असतो.

एवढा खटाटोप का करायचा? हिशेब सोपा आहे. त्या वर्षांत मोठ्या भारतीय कंपनीच्या नफ्यावर अधिभार आणि उपकर धरून ३३.९९ टक्के कर होता. चाकणला शंभर रुपये नफा राहिला तर जवळजवळ चौतीस रुपये सरकारकडे जात. तेच शंभर रुपये रॉयल्टी म्हणून बाहेर गेले तर तो कंपनीचा खर्च. त्यावर उगमस्थानी कापून घ्यायचा कर साधारण दहा रुपये. उरलेले नव्वद कमी कराच्या देशात. चोवीस रुपये नुसत्या शब्दांच्या मांडणीने वाचतात आणि ती मांडणी करणारी मी. पुढे २००९ च्या डिसेंबरात तंत्रज्ञानाच्या रॉयल्टीवरची जुनी मर्यादाही उठली. देशांतर्गत विक्रीवर ५ टक्के, निर्यातीवर ८ टक्के आणि त्यापुढे सरकारची परवानगी, असा नियम होता. तो गेला आणि आमच्याकडे रॉयल्टीचे दर वाढवण्याबद्दल विचारणा करणाऱ्यांची रीघ लागली.

पण मला आतून हलवणारी गोष्ट त्याच्या थोडी आधी घडली.

२००८ च्या अखेरीस मंदीचा तडाखा बसला. परदेशातल्या वाहन कंपन्यांच्या ऑर्डरी एकामागून एक रद्द झाल्या. चाकणची तिसरी पाळी बंद पडली आणि कंत्राटी कामगारांना घरी पाठवलं गेलं. वर्षअखेरीला कंपनी तोट्यात गेली. आता आमच्याच अहवालांप्रमाणे बाजारपेठेची जोखीम कुणाची होती? परदेशी कंपनीची. म्हणजे मंदीचा तोटा तिने सोसायला हवा होता. चाकणला ठरलेला खर्च अधिक नफा मिळायलाच हवा होता, मग मागणी असो वा नसो. मर्यादित जोखमीचा अर्थच तो.

पैसे आले नाहीत. त्याऐवजी एक सुधारित करार आला आणि वर्षाच्या सुरुवातीपासून लागू झाला. २००९ च्या सप्टेंबरात मी पुन्हा तोच तक्ता भरायला बसले, तेव्हा बाजारपेठेच्या जोखमीची खूण भारतीय कंपनीच्या रकान्यात सरकली होती. त्या वर्षापुरती चाकणची कंपनी ‘पूर्ण जोखीम पत्करणारी उद्योजक’ झाली. कारखाना तोच, माणसं तीच, फक्त पाचपन्नास कमी झालेली. मी खूण सरकवली. साहेबांनी सही केली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अवकाळी पावसाने आमच्या द्राक्षबागेला गाठलं. ऑक्टोबर छाटणी होऊन घड फुलोऱ्यात आलेले, आणि तीन दिवस आभाळ निवळलं नाही. गळकुज झाली, पाठोपाठ दावण्या आला. मी घरी गेले तेव्हा आबा बांधावर उभे होते आणि वेलींखाली घडांचा सडा पडला होता. इसार देऊन गेलेला व्यापारी परत फिरकला नव्हता. संध्याकाळी सोप्यात बसल्यावर आबांनी विचारलं, “तुझं ते काम काय असतं गं नेमकं? एकदा सांग की नीट.”

मी चाकणचीच गोष्ट सांगितली, कंपनीचं नाव न घेता. ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे पिकलं तर त्यांचं आन् बुडालं तर हितल्यांचं.”

“तसंच काही नाही आबा, करार असतो.”

“करार व्यापाऱ्यापाशी पण असतोय की.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, आबांनी तो कधी भरला नव्हता, त्यामुळे कराच्या बाजूने बघायची त्यांना सवय नव्हती. पण जोखीम म्हणजे काय, हे त्यांना माझ्या सगळ्या पाठ्यपुस्तकांपेक्षा नेमकं ठाऊक होतं. रात्री उठून आभाळ बघतो तो जोखीम घेतो. औषध फवारायचं की नाही हे जो ठरवतो आणि चुकलं तर ज्याचं कर्ज वाढतं, तो. चाकणमध्ये तो माणूस टूलरूममध्ये होता, तिसऱ्या पाळीत होता. माझ्या तक्त्यात तो कुठेच नव्हता.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये त्या तोट्याच्या वर्षाची सुनावणी लागली. ट्रान्स्फर प्रायसिंग अधिकारी तरुण होते, माझ्याच वयाचे. त्यांच्या टेबलावर फाइलींचा डोंगर, मदतीला एक निरीक्षक आणि समोर आमची चौघांची फौज. एका अधिकाऱ्याकडे अशी कितीतरी प्रकरणं असायची आणि आदेश काढायची शेवटची तारीख डोक्यावर असायची. आमच्याकडे मात्र एका अहवालासाठी महिना असे. मी त्या दालनात अनेकदा गेले आहे आणि ही विषम लढाई मला नेहमी बोचली आहे, आमच्या बाजूने असतानासुद्धा.

त्या दिवशी अधिकाऱ्यांनी तुलनेच्या कंपन्यांवर वाद घातलाच नाही. त्यांनी लागोपाठच्या दोन वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवले आणि जोखमीचं पान उघडलं. “मॅडम, गेल्या वर्षी ही जोखीम तिकडे होती. यंदा इकडे कशी आली? मधल्या काळात इथे नवीन कोण नेमलं? कुणाला जास्तीचे अधिकार दिले?”

साहेबांनी सुधारित करार पुढे केला. अधिकाऱ्यांनी तो हातातही घेतला नाही. “करार वाचलाय. मी माणसांबद्दल विचारतोय.”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तोटा नाकारला आणि खर्च अधिक नफा या हिशेबाने उत्पन्न धरलं. आम्ही अपील केलं. प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि काही वर्षांनी त्यांची बाजू बरीचशी टिकली. पण त्या दिवशी मी त्या दालनातून बाहेर पडले ती हरल्याचं दुःख घेऊन नव्हे. सहा वर्षांपूर्वी टूलरूममध्ये मी जो प्रश्न विचारला होता आणि मग उत्तरासकट पुसून टाकला होता, तोच सरकारी माणसाने विचारला होता.

सरकारची बाजू प्रत्येक वेळी अशी स्वच्छ होती असं मात्र मी म्हणणार नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. व्होडाफोनचं प्रकरण मुंबईत आमच्या डोळ्यांदेखत घडलं. २००७ मध्ये केमन बेटांवरच्या एका कंपनीचा समभाग हस्तांतरित झाला आणि त्यातून इथल्या मोबाइल कंपनीचा ६७ टक्के हिस्सा व्होडाफोनकडे गेला. व्यवहार अकरा अब्ज डॉलरचा होता. सरकारने अकरा हजार कोटींहून अधिक कर मागितला. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विभागाच्या बाजूने कौल दिला, तर २० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने. मालमत्ता इथली, ग्राहक इथले, नफा इथला, म्हणून कर इथे द्यायला हवा, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण कायद्यात ती तरतूद नव्हती. ती पुढच्यासाठी करता आली असती. त्याऐवजी त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात १९६२ पासून लागू होईल अशी दुरुस्ती आणली गेली. वर्षाच्या सुरुवातीपासून लागू होणारा चाकणचा करार आम्ही उचलून धरला होता. इथे सरकारने पन्नास वर्षं मागे जाऊन तेच केलं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादांनी आधी व्होडाफोन आणि मग अशाच मागणीच्या केर्न प्रकरणात भारताविरुद्ध निवाडे दिले, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून ती मागणी मागे घ्यावी लागली. या सगळ्यात एक मोठं नुकसान झालं. कर टाळणारा जगापुढे पीडित म्हणून उभा राहिला आणि आमच्या क्षेत्रात कुणीही सरकारच्या बाजूने बोललं, की ‘टॅक्स टेररिझम’ या दोन शब्दांत त्याचं तोंड बंद करता येऊ लागलं.

भारतीय कंपनीने आपले समभाग परदेशी पालक कंपनीला स्वस्तात दिले, म्हणून न आलेल्या प्रीमियमवरच कर लावायचा, असाही एक काळ होता. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो प्रकार मोडीत काढला आणि सरकारने अपील न करण्याचा शहाणपणा दाखवला.

२०१३ मध्ये मी फर्म सोडली आणि पुण्यात छोटी प्रॅक्टिस सुरू केली. फर्ममधला शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र मॉरिशसच्या कंपन्या उभ्या करून देण्यात तरबेज होता. १९८२ च्या करारामुळे तिथून आलेल्या गुंतवणुकीच्या भांडवली नफ्यावर इथे कर नव्हता आणि तिथेही नव्हता. २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या समभागांवर इथे कर लागू झाला. त्याच तारखेपासून ‘गार’ म्हणजे करटाळणीविरोधी सर्वसाधारण नियमही आले. ज्या व्यवहाराचा मुख्य हेतूच कर वाचवणं आहे आणि ज्यात व्यापारी अर्थ नाही, तो बाजूला सारायचे अधिकार सरकारला मिळाले. परदेशी समूहातून घेतलेल्या कर्जाच्या व्याजावरही मर्यादा बसली. मित्राचा फोन आला, “आता करायचं काय?” माझ्याकडे त्याच्यासाठी उत्तर नव्हतं, पण मला हायसं वाटलं होतं.

आमच्या कामावर खरा परिणाम झाला तो ओईसीडी आणि जी-२० देशांच्या २०१५ च्या ‘बेप्स’ अहवालांनी, म्हणजे करपाया पोखरून नफा हलवण्याविरुद्धच्या अहवालांनी. पंधरा कृतींपैकी आठ ते दहा या आमच्यासाठी होत्या. त्यांचा आशय मी वाचला तेव्हा मला आबांचा सोपा आठवला. जोखीम करारात कुणाच्या नावावर आहे एवढं बघून थांबू नका. ती जोखीम घ्यायची की नाही हे प्रत्यक्षात कोण ठरवतं आणि ती सोसायची आर्थिक ताकद कुणाकडे आहे, ते बघा. त्याच अहवालांतून देशनिहाय तक्ता आला. ७५ कोटी युरोंवर उलाढाल असलेल्या समूहाने प्रत्येक देशातली विक्री, नफा, भरलेला कर, मालमत्ता आणि कर्मचाऱ्यांची संख्या एका कागदावर द्यायची. भारतात पहिले तक्ते २०१८ च्या मार्चअखेर दाखल झाले.

असा एक तक्ता माझ्या हाती आला तेव्हा मी आधी शेवटाकडचा कर्मचाऱ्यांचा रकाना शोधला. एका देशासमोर दोन आकडी माणसं होती आणि समूहाच्या नफ्याचा मोठा वाटा होता. भारतासमोर हजारो माणसं आणि चिमूटभर नफा. बारा वर्षं मी शेकडो पानांचे अहवाल लिहिले, आणि त्या सगळ्यांनी जे झाकलं ते एका आडव्या ओळीत दिसत होतं. हा तक्ता आपल्याकडे गोपनीय असतो आणि केवळ त्याच्या आधारावर कर वाढवता येत नाही. माझं मत विचाराल तर तो लोकांना पाहता यायला हवा. पगारदाराचा कर पगार हातात येण्याआधी कापला जातो. पणजीत २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांचा कर २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा झाली. त्या सवलतीचं काय झालं, हे विचारण्याचा हक्क त्या पगारदाराला नको का?

चाकणच्या कंपनीने मला परत बोलावलं ते २०१५ मध्ये. वित्तप्रमुख नवे होते आणि वर्षानुवर्षांच्या अपिलांनी कंपनी दमली होती. त्यांना एपीए, म्हणजे आगाऊ भावनिश्चितीचा करार, करायचा होता. सरकारशी आधीच बसून पुढच्या पाच वर्षांची पद्धत ठरवायची, आणि मागच्या चार वर्षांनाही ती लावता येते. २०१२ पासूनची ही सोय मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत समंजस वाटते, कारण तिथे दोन्ही बाजूंना कागदामागची वस्तुस्थिती मांडावी लागते. मी एक अट घातली. जोखमीचा तक्ता मी नव्याने भरणार आणि तो कारखान्यातून भरणार. वित्तप्रमुखांना परदेशी कार्यालयाचं मन वळवायला चार महिने लागले. रॉयल्टी निम्म्याखाली आणायची तयारी दाखवून आम्ही अर्ज केला.

२०१७ मध्ये एपीएचे दोन अधिकारी कारखाना पाहायला आले. मी सोबत होते. टूलरूमचे प्रमुख तेच, निवृत्तीला वर्ष उरलेलं. त्यांनी अधिकाऱ्यांनाही आधी डायपाशीच नेलं आणि कापलेला पीस हातात दिला.

“ड्रॉइंगमध्ये बदल करायचा, हे कोण ठरवतं?” अधिकारी बाईंनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “या मॅडमना सांगितलं होतं मी, अकरा वर्षांपूर्वी.” मग बाईंकडे वळून म्हणाले, “आम्हीच ठरवतो. झाल्यावर तिकडे कळवतो.”

बाईंनी ते लिहून घेतलं. “ट्रायलच्या काही नोंदी आहेत?”

त्यांनी कमरेची किल्ली काढून भिंतीजवळचं लोखंडी कपाट उघडलं. आत २००१ पासूनच्या लांब वह्या वर्षावार लावलेल्या होत्या. ग्रीसचे डाग पडलेल्या, प्रत्येक ट्रायलची तारीख, पाळी आणि माणसाचं नाव असलेल्या. बाईंनी पहिली वही घेतली, मी दुसरी, आणि आम्ही तिघं-चौघं तिथेच वर्कबेंचला टेकून वाचायला लागलो.